अल मुंतझा, झोन २४ आणि साष्टी तालुका

कतारमध्ये पत्ता सांगायची रीत मंडळाच्या जुन्या सभासदांना आम्ही सांगायला नको. दाराशेजारी निळी पाटी, तिच्यावर तीन आकडे. झोन, रस्ता आणि इमारत. नावगाव काही नाही. आमचा झोन २४. नव्याने आलेल्या मंडळींना हे आकडे फार सोयीचे वाटतात आणि ते आहेतही; फोनमध्ये टाकले की गाडी दारात. पण अल मुंतझामध्ये जे वीस-वीस वर्षं काढून बसले आहेत त्यांचे पत्ते अजून वेगळेच असतात. "पार्कच्या मागची गल्ली", "लाँड्रीच्या वरचा मजला", "जुनी बकाला होती ना, तिच्यासमोर". ती बकाला बंद होऊन किती वर्षं झाली ते सांगणाऱ्यालाही आठवत नाही, पण पत्त्यात ती अजून उघडीच आहे.

आम्ही इथे चौदा वर्षं राहतो. बी रिंग आणि सी रिंगच्या मधला हा पट्टा, एका बाजूला नजमा, दुसऱ्या बाजूला बिन महमूद. लुसैल किंवा पर्ल बघून आलेला पाहुणा आमच्याकडे आला की जरा हिरमुसतो. दोन-तीन मजल्यांच्या जुन्या इमारती, खोल्या-खोल्यांत विभागलेले व्हिला, फिलिपिनो, मल्याळी, नेपाळी, इजिप्शियन शेजारी, कोपऱ्यावर करक चहा आणि संध्याकाळी फुटपाथवर सायकली फिरवणारी पोरं. आम्हाला विचाराल तर दोहाच्या आतल्या भागात चालत जाऊन भाजी आणता येईल अशी जी थोडी ठिकाणं उरली आहेत त्यांत आमचं मोडतं. मेट्रो झाल्यापासून (२०१९ मध्ये तिन्ही मार्ग सुरू झाले) मन्सूराचं स्टेशनही फार लांब नाही, फक्त उन्हाळ्यात तेवढं अंतरही लांब असतं.

आता गंमत नावाची. 'मुंतझा' म्हणजे बाग, फिरायला जायची जागा. इथली बाग दोहातल्या जुन्या सार्वजनिक बागांपैकी, आणि बागेवरूनच वस्तीचं नाव पडलं. मग बाग कामासाठी बरीच वर्षं बंद राहिली आणि उघडली ती 'रौदत अल खैल' या नावाने. मुंतझा स्ट्रीटही रौदत अल खैल स्ट्रीट झाला. नकाशावर, पाट्यांवर नवं नाव. टॅक्सीवाल्याच्या आणि आमच्या तोंडी जुनं. खरं तर 'नवं' म्हणणंही बरोबर नाही. 'रौदा' म्हणजे वाळवंटातली सखल जागा, जिथे पावसाचं पाणी आणि त्याबरोबर माती साठते आणि चार झुडपं उगवतात. खैल म्हणजे घोडे. म्हणजे घोड्यांचं कुरण म्हणा. हे नाव बागेकडे नाही, बागेच्या आधीच्या जमिनीकडे बोट दाखवतं. आणि जमीन आपला स्वभाव विसरत नाही. २० ऑक्टोबर २०१८ ला दोहात वर्षभराचा पाऊस एका दिवसात पडला, तेव्हा कुठे पाणी साठलं ते आठवून बघा. सखल जागेवर डांबर घातलं म्हणून ती उंच होत नाही, हे सांगायला इंजिनिअर लागत नाही.

एके काळी हा सगळा भाग गावाबाहेरचा होता. जुनं दोहा म्हणजे सूक वाकिफच्या आसपासचं, समुद्राला चिकटलेलं गाव. १९४९ च्या अखेरीस कतारचं तेल पहिल्यांदा बाहेर गेलं आणि त्यानंतर गाव रिंगरिंगने फुगत गेलं. झाडाच्या खोडावरची वर्तुळं मोजावीत तशी दोहाची वाढ रिंग रोडवर मोजता येते. कालचं उपनगर आज मधली वस्ती.

उपनगरांची व्यवस्था कुणी बघायची, हा प्रश्न छोट्या देशालाही चुकलेला नाही. २००४ पर्यंत कतारमध्ये दहा नगरपालिका होत्या. त्या साली घुवेरिया, जुमेलिया, जेरियान अल बातना आणि मेसाईद या चार रद्द करून शेजारच्या मोठ्या पालिकांत मिसळल्या, अल दायेन ही नवी केली आणि आकडा सातावर आला. पुढे २०१४ मध्ये अल रय्यानमधून शहानिया वेगळी काढली, आता आठ. आमचा झोन दोहा पालिकेत असल्यामुळे आम्हाला त्याची झळ लागली नाही. पण मेसाईदमध्ये नोकरी केलेल्या आमच्या परिचितांना विचारलं, "तुमची म्युनिसिपालिटी बरखास्त झाली तेव्हा काय फरक पडला?" तर म्हणाले, "कागदावरचं डोकं बदललं, बाकी कचऱ्याची गाडी तीच." इथे निवडून दिलेली मध्यवर्ती नगर परिषदही आहे. पहिली निवडणूक मार्च १९९९ मध्ये झाली, जागा २९, आणि बायकांना पहिल्यापासून मत. २००३ मध्ये शेखा युसूफ अल जुफैरी निवडून आल्या, परिषदेतल्या पहिल्या महिला, आणि त्याही आमच्यापासून जवळच्याच ओल्ड एअरपोर्ट मतदारसंघातून. मत अर्थातच कतारी नागरिकांना. आपण पाहुणे. चौदा वर्षांचे असलो तरी पाहुणे, आणि त्यात गैर काही नाही. आपण तसं कबूल करूनच विमानात बसलो होतो.

हे सगळं शोधायची खाज आम्हाला सुटली ती मात्र कतारमुळे नाही, पार्ल्यामुळे.

विलेपार्ले पूर्वेची आमची सोसायटी पुनर्बांधणीला जाते आहे. मंडळातल्या निम्म्या घरांत हीच कथा चालू असेल. बिल्डर आला, दुसरा आला, तिसरा ठरला, आणि मग कागदपत्रं मागायला सुरुवात झाली. आईने लोखंडी कपाटातून आजोबांचं खरेदीखत काढलं, धाकट्या बहिणीने त्याचे फोटो पाठवले. १९४८ चं खत. त्यात जागेचं वर्णन असं: गाव विलेपार्ले, तालुका साउथ साल्सेट, जिल्हा बॉम्बे सबर्बन. आमच्या मुलीने वाचलं आणि विचारलं, "बाबा, हे गोव्यात आहे का?" प्रश्न वाटतो तेवढा चुकीचा नव्हता. गोव्यातलं सासष्टी आणि मुंबईचं साष्टी ही दोन्ही नावं सहासष्ट गावांवरून आलेली, आणि पोर्तुगीजांच्या जिभेवर दोन्ही 'साल्सेट'च झाली.

तर हा साष्टी तालुका. आज माहीम-शीवच्या पलीकडे जे काही आपण 'मुंबई' म्हणतो ते जवळजवळ सगळं साष्टी बेट. सोळाव्या शतकात पोर्तुगीजांकडे गेलं, १७३७ ते ३९ च्या मोहिमेत मराठ्यांनी घेतलं (शेवट चिमाजीअप्पांच्या वसईने झाला), १७७४ मध्ये इंग्रजांनी ठाण्याचा किल्ला घेऊन बळकावलं आणि १७८२ च्या सालबाईच्या तहात ते त्यांच्याकडे कायम झालं. म्हणजे मुंबई बेट इंग्रजांकडे येऊन शंभरावर वर्षं लोटली, तेव्हा कुठे पार्लं त्यांच्या हाती आलं. तेही मुंबईचा भाग म्हणून नाही. साष्टी ठाणे जिल्ह्यात होती. भात, मिठागरं, ताडी, मासळी आणि पूर्व-पश्चिमेला विखुरलेली कोळी, आगरी, भंडारी, ईस्ट इंडियन गावं. १८४५ साली लेडी जमशेटजींच्या पैशातून माहीमची खाडी ओलांडणारा रस्ता झाला, १८६० च्या दशकात पश्चिमेची रेल्वे आली, तरी गावं गावंच राहिली. पाण्याची गोष्ट तर मासलेवाईक आहे. मुंबई बेटाची तहान भागवायला विहार तलाव बांधला १८६० मध्ये, तुळशी १८७९ मध्ये. दोन्ही तलाव साष्टीत आणि पाणी चाललं नळाने बेटावर! वाटेतल्या गावांनी विहिरी उपसाव्यात.

चित्र बदललं ते १८९६ च्या प्लेगने. दाटीवाटीच्या गिरगाव-मांडवीतून ज्यांना जमलं ते खाडीपलीकडे पळाले, आणि मोकळी हवा म्हणजे आरोग्य हे समीकरण मध्यमवर्गाच्या डोक्यात पक्कं बसलं. आमच्या आजोबांचं बिऱ्हाड गिरगावातून पार्ल्याला गेलं ते बऱ्याच नंतर, पण कारण तेच सांगत, "हवा." सरकारनेही ओळखलं की हा भाग आता ठाण्याहून चालवण्यासारखा राहिला नाही. म्हणून १९२० मध्ये साष्टीचा दक्षिण भाग ठाण्यातून काढून नवा जिल्हा केला, मुंबई उपनगर जिल्हा. आजोबांच्या खतातला हाच तो. १९२८ च्या जानेवारीत बोरिवलीपर्यंत विजेची गाडी धावू लागली आणि मग पार्लं, अंधेरी, मालाड ही नावं कचेरीतल्या बाबूंच्या पासावर चढली.

या जिल्ह्यातल्या मोठ्या गावांच्या स्वतःच्या म्युनिसिपालिट्या होत्या. वांद्र्याची सर्वांत जुनी आणि तोऱ्यातली, कुर्ल्याची, घाटकोपर-किरोळची आणि आमची पार्ले-अंधेरीची. मुंबई कॉर्पोरेशनचा कायदा १८८८ चा, तो बेटापुरता. खाडीपलीकडे जिल्हा नगरपालिकांचा कायदा, म्हणजे जो सातारा-नगरला लागू तोच. मुंबईला खेटून असलेलं वांद्रं कायद्याच्या दृष्टीने मोफसिल! आजच्या वांद्र्याच्या जागांचे भाव बघता हे कुणाला पटायचं नाही.

या छोट्या पालिकांबद्दल आमचं मत आहे आणि ते थोडं पक्षपाती आहे, हे आधीच सांगतो. ज्या काळात पार्ल्याची व्यवस्था पार्ल्या-अंधेरीतच होती, त्याच काळात पार्ल्याने आपल्या संस्था उभ्या केल्या. पार्ले टिळक विद्यालय १९२१, लोकमान्य सेवा संघ १९२३. १९३० च्या मिठाच्या सत्याग्रहात मुंबईकडची छावणी पार्ल्यात पडली. पार्ल्याच्या बिस्किटांचा कारखानासुद्धा १९२९ मधला. (तो कारखाना २०१६ मध्ये बंद झाला. पार्ले स्टेशनवर उतरल्यावर येणारा तो भाजक्या बिस्किटांचा वास ज्यांनी घेतला नाही त्यांना तो समजावून सांगता येत नाही.) सगळं श्रेय म्युनिसिपालिटीला द्यायचं कारण नाही, टिळकांच्या निधनानंतरची ती लाट होती. पण आपलं गाव आपण चालवायचं अशी सवय ज्या माणसांना होती, त्यांनीच शाळा काढली, वाचनालय काढलं. दाद मागायची कचेरी पायी जाण्याच्या अंतरावर होती. आजोबा म्हणायचे, "गटार तुंबलं तर मी मेंबराला बाजारात गाठायचो. आता गाडी पकडून बोरीबंदरला जावं लागतं."

ते बोरीबंदरला जाणं सुरू झालं १९५० मध्ये. १९४५ मध्येच बृहन्मुंबईचा कायदा झाला होता. १५ एप्रिल १९५० ला मुंबई महापालिकेची हद्द पश्चिमेला जोगेश्वरीपर्यंत आणि पूर्वेला भांडुपपर्यंत वाढवली. वांद्रे, कुर्ला, घाटकोपर, पार्ले-अंधेरी, सगळ्या पालिका एका रात्रीत संपल्या. १९५७ च्या फेब्रुवारीत हद्द दहिसर आणि मुलुंडला पोचली, ती आजवर तिथेच आहे. उपनगर जिल्हाही पुढे एकाच बृहन्मुंबई जिल्ह्यात मुरला. आमच्या आजोबांनी घर घेतलं एका म्युनिसिपालिटीत आणि दोन वर्षांत ते जागच्या जागी दुसरीत गेलं. ना सामान हललं ना माणूस.

विलीनीकरण चुकीचं होतं का? आम्ही तसं म्हणणार नाही. फाळणीनंतर निर्वासित आले, चेंबूर-मुलुंडला छावण्या झाल्या, कारखाने उत्तरेकडे सरकले. चार खेड्यांच्या उत्पन्नावर चालणाऱ्या पालिकेला मैलामैलाचे नळ आणि गटारं टाकणं शक्य नव्हतं. वैतरणेचं पाणी पार्ल्याच्या नळाला आलं ते मोठ्या महापालिकेच्या जोरावर, हे मान्य करायलाच हवं. आमच्या धंद्यात एक साधा नियम आहे की जाळं मोठं झालं की पुरवठा भक्कम होतो. पण बिघाड झाला की फोन कुणाला करायचा हे कळेनासं होतं. परदेशात मास्टर्स करताना हे आम्हाला मोठ्या समीकरणांतून शिकवलं. आजोबांनी ते गटारावरून सांगितलं होतं.

आणि आता आमच्या आवडीचा भाग, वाचकांनी जरा सहन करावा. हद्द कागदावरून पुसली तरी ती तारांमधून पुसली गेली नाही. कुलाब्यापासून माहीम आणि शीवपर्यंत वीज 'बेस्ट'ची. खाडी ओलांडली की वीज दुसऱ्याची. कारण १९२९ मध्ये उपनगरासाठी वेगळी कंपनी निघाली होती, बॉम्बे सबर्बन इलेक्ट्रिक सप्लाय, आपली 'बीएसईएस'. पुढे ती रिलायन्सकडे गेली, २०१८ मध्ये अदानींकडे. बिलावरचं नाव तीनदा बदललं, पण ते बिल कुठून कुठपर्यंत येतं ते बघा! मोठा भाग अजून त्या जुन्या उपनगराचाच. भांडुप-मुलुंडकडे तर तिसराच प्रकार, तिथे महावितरण. एकच महापालिका, एकच शहर, आणि विजेचे दर वेगवेगळे. मुंबईत जाल तेव्हा आणखी एक गोष्ट बघा. वांद्र्याहून निघालेली रिक्षा माहीमला थबकते, कुर्ल्याहून निघालेली शीवला. तिच्यापुढे फक्त टॅक्सी. ज्या खाडीच्या काठी १९५० पर्यंत महापालिकेची हद्द संपत होती, तिथेच आज रिक्षाचं राज्य सुरू होतं. मीटरच्या डब्यात आणि रिक्षाच्या परवान्यात नकाशे असे जिवंत राहतात. निळी पाटी लावून ते मरत नाहीत.

जमिनीच्या कागदांत तर ते ठणठणीत आहेत. १ ऑक्टोबर १९९० ला मुंबईचे पुन्हा दोन जिल्हे केले, शहर आणि उपनगर. उपनगरात कुर्ला, अंधेरी, बोरिवली हे तीन तालुके, कलेक्टर वांद्र्याला. म्हणजे सत्तर वर्षांनी जुनं नाव परत आलं, जसं आमच्या बागेला रौदत अल खैल परत आलं. महापालिका मात्र एकच राहिली. २०११ च्या जनगणनेत या जिल्ह्यात ९३ लाखांवर माणसं होती आणि 'शहरा'त ३१ लाखांच्या आत. शेपूट कुत्र्याहून तिप्पट! पण महापालिकेची मुख्य कचेरी अजून बोरीबंदरसमोर, १८९३ च्या त्या देखण्या इमारतीत. उपनगरातल्या सोसायट्यांना अकृषिक कराच्या नोटिसा येत राहिल्या. बेटावरच्या आमच्या मामांना हा कर म्हणजे काय हेच ठाऊक नाही. साष्टीची जमीन एके काळी शेताची होती, ही तिची शिक्षा.

आईशी दर शुक्रवारी फोनवर बोलणं होतं. परवा म्हणाली, "अरे, त्या मसुद्यात तालुका अंधेरी लिहिलाय, आणि आपल्या खतात साउथ साल्सेट. घोळ तर होणार नाही ना?" वकिलांना विचारलं. ते म्हणाले, तसा होत नाही, जुन्या पार्ल्याच्या प्रत्येक फाइलमध्ये हेच असतं, फक्त खतातल्या सर्व्हे नंबरापासून आजच्या सिटी सर्व्हे नंबरापर्यंतची साखळी दाखवावी लागते. ती साखळी दाखवण्यात बहिणीचे तीन महिने गेले. एका कचेरीतून दुसऱ्या कचेरीत, कारण साहेब म्हणाले हा कागद आमच्याकडचा नाही. आम्ही इथून फक्त फोनवर धीर द्यायचा.

मुलीने या सगळ्यातून नेमका प्रश्न काढला. तिचा जन्म दोह्याचा, शाळा दोह्याची. ती म्हणाली, "इथे तुम्हाला मत नाही. तिथे मत आहे पण तुम्ही असता इथे. मग आपलं गटार तुंबलं तर आपण कुणाला गाठायचं?" आम्ही दोघं एकमेकांकडे बघत राहिलो. तिला सांगावंसं वाटलं की मुंबईतही महापालिकेची मुदत मार्च २०२२ मध्ये संपली आणि पुढची काही वर्षं नगरसेवकच नव्हते, प्रशासक होते. ज्यांना मत होतं त्यांनाही गाठायला कुणी नव्हतं. पण ते तिच्या प्रश्नाचं उत्तर नव्हतं. तिचा प्रश्न पार्ल्याच्या फ्लॅटचा होता. तो ठेवायचा की विकायचा, आणि ठेवायचा तर कुणाच्या नावाने? आमच्या घरात हा विषय वर्षभर टळत होता.

बहिणीचं मत विकून मोकळं व्हावं. ती पुण्याला स्थायिक आहे, तिचं चुकीचं नाही. पुनर्बांधणीत भाड्याची तीन-चार वर्षं आईने कुठे काढायची, हा तिचा पहिला सवाल, आणि त्याला आमच्याकडे सोयीचं उत्तर नाही. आई इथे आली की महिनाभरात "पार्ल्याला सोडा मला" म्हणते. इथली बाग तिला आवडते, संध्याकाळी दोन फेऱ्या मारते, बाकावरच्या लेबनीज आजीशी खुणांनी बोलते. पण नळ गळायला लागला की तिला आपल्या भाषेत ओरडायला माणूस लागतो.

शेवटी आईनेच ठरवलं. फ्लॅट ठेवायचा, तिघांच्या नावाने, आणि बांधकाम होईपर्यंत ती पार्ल्यातच, हनुमान रस्त्याच्या बाजूला भाड्याने राहणार. भाडं आम्ही द्यायचं. मुखत्यारपत्र बहिणीच्या नावाने करायचं आहे, त्यासाठी पुढच्या आठवड्यात वकिलातीची वेळ घेतली आहे. दोन साक्षीदार लागतात, मंडळातल्या दोघांनी हो म्हटलं आहे. मसुद्यात पत्ता टंकताना झोन २४, रस्ता, इमारत असे तिन्ही आकडे लिहिले. वकिलांनी फोन करून विचारलं, "वस्तीचं नाव काय घालू?" नकाशात रौदत अल खैल आहे, हे त्यांना सांगितलं. मग म्हटलं, कंसात अल मुंतझाही घाला.